चार बोटं जास्त

तेतवान, ६ मार्च १९९५

प्रिय शमा,

ईद मुबारक, सगळे मजेत, आता बातमी ऐक! उभी असशील तर आधी बस. मला पुढची खुर्ची मिळाली! एप्रिलच्या जलशात अख्खा वाद्यवृंद गप्प बसणार आणि मी एकटी ऊद वाजवणार. शिवाय रेडिओवाले येऊन ते ध्वनिमुद्रित करणार आणि देशभर ऐकवणार. तुझ्या कासाब्लांकातसुद्धा! इतकी वर्षं मी मागच्या रांगेत खांबाआड बसून तारा छेडल्या. परवा आमच्या बाईंनी, लल्ला सादियांनी, सगळ्यांसमोर सांगितलं, "बतूल, उठ, पुढे ये." वाद्यवृंद त्यांचा, शब्दही त्यांचाच शेवटचा. मुफद्दलचा चेहरा बघायला हवा होतास. आजवर ती खुर्ची त्याची होती ना! खजूर म्हणून तोंडात टाकावा आणि ऑलिव्हची बी निघावी, तसं तोंड केलं त्याने.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. कपड्यांपाशी. हसू नकोस.

रेडिओवाल्यांनी माझी एक चाचणी घेतली. मी ईदचा कफ्तान घालून गेले होते, समोर गळ्यापासून पायापर्यंत गाठींच्या बटणांची रांग असलेला. वाजवून झालं तर तो कानाला यंत्र लावलेला माणूस म्हणतो, "हे टक्‌टक् काय वाजतंय?" बटणं, बाई, बटणं! ऊदाची पाठ फुगीर, माझी छाती ही अशी, मध्ये बटणांची रांग, आणि हात हलला की टक्! सगळे बघताहेत, आणि नेमकं कुठे बघताहेत ते तुला सांगायला नको. लल्ला सादिया एवढंच म्हणाल्या, "६ एप्रिलला रेडिओचा शेवटचा सराव. त्या दिवशी टक् ऐकू आलं तर मुफद्दल वाजवेल." बाईंचा शब्द म्हणजे शब्द.

म्हणून मला साधा कपडा हवाय. सरळ, गप्प, बिनबटणाचा. बसल्यावर लोकांनी माझे हात बघावेत असा. बाजारात नवीन दुकान निघालंय, तिथे जवळजवळ तसा, चपट्या लहान बटणांचा पांढरा सदरा दिसला. ना झालर, ना नक्षी. माझा जीवच जडला त्याच्यावर. पण छातीला बसेल असा घेतला तर खांदे कोपरापर्यंत उतरले, आणि खांद्याला बसेल असा घेतला तर दुसऱ्या-तिसऱ्या बटणामध्ये खिडकी उघडली! दुकानदारीण काय म्हणाली माहितीय? "तुमच्यासारख्यांनी झालरीचं घ्यावं, झाकून जातं." झाकून जातं म्हणे! मी काय चोरून आणलंय?

आईला विचारलं तर ती म्हणते, "बटणाशिवाय कफ्तान म्हणजे रात्री झोपायचा झगा. जा तशीच, आणि उशीही घेऊन जा!" आपला शिंपी, मुअल्लिम अय्याशी, तर बायकांना टेप लावतच नाही. जुना कपडा द्यायचा, त्याच्यावरून तो नवा बेततो. माझा प्रत्येक जुना कपडा म्हणजे तंबू, म्हणून प्रत्येक नवासुद्धा तंबू.

तू त्या कारखान्यात रोज हजार साधे कपडे कापतेस. त्यातला एक माझ्यासाठी नसेल का गं?

तुझी
बतूल

---

कासाब्लांका, १० मार्च

बतूल, मेले, पुढची खुर्ची!

मी इतक्या जोरात किंचाळले की खालच्या मजल्यावरची बाई हातात पळी घेऊन वर आली. तिला वाटलं, माझ्याकडे उंदीर निघाला. तिलाही तुझी बातमी सांगितली, तिनेही हात उंचावून आनंदाने युयुयु केलं, मग दोघींनी चहा घेतला. पळी माझ्याकडेच राहिली.

आता कपडा. तयार कपड्याचा विचार सोडून दे. आमच्या कारखान्यात सगळं एका पुतळीवर बेततात, आणि त्या पुतळीची छाती म्हणजे दोन अक्रोड. मोठं माप हवं असेल तर साहेब सगळीकडूनच वाढवतात, खांदा वाढव, गळा वाढव, बाही वाढव. छाती भरलेली असली की माणसाचे हातसुद्धा गुडघ्यापर्यंत पोचतात, अशी त्यांची समजूत! मी बोलून थकले. शेवटी स्वतःसाठी स्वतः बेतायला लागले. आपल्या आजीने वाटणी करताना तुझ्या आईला कर्णफुलं दिली, माझ्या आईला गालिचा दिला, आणि नातींना हे दिलं. मिळालंय ते नीट मिरवू तरी!

तर मी शिवते तुझा. गुडघ्याखाली येणारा सरळ अंगरखा, गळा गोल, बाही मनगटाच्या जरा वर, म्हणजे तारेत अडकणार नाही. समोर काहीही नाही, ना बटण, ना शिवण. मागे दडवलेली चेन. सगळी करामत टक्समध्ये, आतून शिवलेल्या चुण्यांमध्ये. एक टक्स काखेकडून, एक खालून, आणि दोन्हींची टोकं छातीच्या भरीच्या जरा अलीकडे थांबली पाहिजेत. एवढं जमलं की कापड अंगावरून सरळ खाली उतरतं, तंबूही होत नाही आणि खिडकीही उघडत नाही. कापडसुद्धा ठरलंय! उरलेला एक तुकडा साहेबांना विचारून घेतलाय, पिकायला आलेल्या ऑलिव्हच्या रंगाचा, काळपट हिरवा. हातात धरला की सोडवत नाही.

मला मापं पाठव. छातीच्या वरून, भरीवरून, छातीच्या खालून, खांद्यापासून भरीपर्यंत, मग कंबर आणि उंची. स्वतःची स्वतः घेऊ नकोस, हात उचलला की सगळं वर जातं. मावशीकडून घे. टेप नसेल तर सुतळी घे आणि गाठी मार, मला समजेल.

आणि आतली बॉडी चांगली घे. तीन वर्षांपूर्वीची ती दमलेली नको, बिचारीला आता विश्रांती दे.

शमा

---

तेतवान, १५ मार्च

शमा, माझे सोने,

सुतळ्या पाठवतेय. सहा आहेत, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय, कुठला कशाचा ते मागे लिहिलंय. मापं आईनेच घेतली, तू म्हणालीस तशी. अगदी बरोबर आहेत.

मी रोज सराव करतेय, बोटांची टोकं दगड झालीत. मुफद्दल काल दारातून म्हणाला, "बतूल, जलशाला लोकरीची शाल घेऊन ये, आवाज दबेल." मी म्हटलं, "तुझ्या तोंडात घालायला नक्की आणते." आख्खी खोली हसली, तोही हसला. माणूस वाईट नाही तसा, खुर्ची गेल्याचं दुःख आहे त्याला.

आई अजून त्याच हट्टावर आहे. काल सोनेरी दोरी घेऊन आली, म्हणे, "निदान गळ्याला तरी लावू दे, नाहीतर लोक म्हणतील रहिमोला मुलीला सजवता येत नाही." मी ती दोरी कपाटात ठेवली आणि चावी घेऊन आले.

बॉडी नवीन घेतली. शमा, माझे खांदे दुखायचे थांबले! मला वाटायचं, ऊदामुळे दुखतात. इतकी वर्षं आपण काय सहन करतो आणि का!

लवकर पाठव. मला झोप येत नाही, पण आनंदाने.

बतूल

---

कासाब्लांका, २९ मार्च

बतूल बये, झाला!

उद्याच्या बसने, ड्रायव्हर अहमदच्या हातून, निळ्या पिशवीत येतोय. आपल्या हाताने घे, त्याच्या बायकोच्या हाती लागला तर परत मिळायचा नाही. मी स्वतः त्याच्या प्रेमात आहे. माझ्या खोलीत तीन दिवस खिळ्याला लटकत होता, आणि जी येईल ती विचारायची, "हा कुठल्या दुकानातला?" मी म्हणायचे, "पॅरिसचा." पॅरिसचा! आणि शिवला कुठे? पायाखाली मांजर आणि शेगडीवर बिसाऱ्याचं कढण उतू चाललेलं.

एक गुपित सांगते. सुतळ्या हातात आल्या तेव्हाच मी हसले. मावशी रहिमोची मापं म्हणजे मला पाठ! लहानपणापासून तिने मोजलं की प्रत्येक मापात चार बोटं जास्त. "बरकत असू दे," म्हणायची. म्हणजे धुतल्यावर आटलं तर, अंग भरलं तर, कुणी बघितलं तर. म्हणून तर आपण सगळ्या बहिणी तंबूत वाढलो. तेव्हा मी काय केलं, प्रत्येक घेरातून मावशीची चार बोटं वजा करून टाकली! आहेस तेवढ्याच मापाचा बेतलाय तुला. आता कळेल अंगाबरोबर बसणं काय असतं ते.

सुतळ्यांना काळ्या साबणाचा वास येत होता. मावशी मोजताना कपडे धूत होती की काय?

घातलास की लगेच लिही. मी कारखान्याच्या फाटकापाशीच उभी राहणार पोस्टमनसाठी.

शमा

---

तेतवान, ३ एप्रिल

शमा,

अंगरखा आला. इतका सुंदर कपडा मी आयुष्यात पाहिला नाही. मांडीवर घेऊन रडले मी.

बसत नाही.

मान आत गेली, हात आत गेले, आणि छातीपाशी येऊन सगळं थांबलं. श्वास सोडला तर चेन अर्ध्यावर चढते, श्वास घेतला तर उतरते. श्वास न घेता ऊद कसा वाजवू?

चूक माझी आहे. मापं आईने घेतली नव्हती. मी खोटं लिहिलं. तिची चार बोटं मला काय माहीत नाहीत? म्हणून मी सुतळ्या हमामात घेऊन गेले आणि तिथल्या फतोमाकडून मापं घेतली, ती आपल्याला लहानपणी घासायची ना, तीच. उघड्या अंगावर, नेमकी, एक बोटही जास्त नाही. तो काळ्या साबणाचा वास तिथलाच. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मोठ्यांना डावलू नकोस. म्हणून आईचं नाव घातलं. आणि तू हुशार बाई, आईची जी चार बोटं तिथे नव्हतीच, ती कापून टाकलीस!

दोघींच्या शहाणपणात माझी खुर्ची चालली गं. शिवण उसवून बघायला गेले तर आत माया नाही, धाग्याएवढी कड सोडलीयस. परवा नाही तेरवा सराव. ईदच्या कफ्तानावरून बटणं काढून टाकली तर समोर भोकं राहतात. सकाळपासून मुफद्दलचं वाजवणं कानात घुमतंय.

काय करू?

बतूल

---

कासाब्लांका, ५ एप्रिल

बतूल,

तुझं पत्र आत्ता, जेवणाच्या सुट्टीत मिळालं. अहमद स्टँडवरून निघतोय, म्हणून उभ्याने लिहितेय. हे तुला सरावाआधी मिळेल की नाही ते अल्लाच जाणे.

माती खाल्ली मी! कारखान्याच्या सवयीने माया सोडली नाही, तिथे कापड वाचवलं की शाबासकी मिळते. आणि तुला न विचारता वजाबाकी केली. कुणाचा शहाणपणा जास्त यावर आपण नंतर भांडू.

आता एकच कर. मावशीकडे जा. सगळं सांग, हमामसुद्धा. शिव्या खा. माझ्या वाटणीच्या मी येऊन खाईन. तिच्या हातात सुई आहे, माझ्यापेक्षा जुनी. आणि वाट्टेल ते झालं तरी, अंगरखा तूच घाल. मुफद्दलला बसणार नाही तो.

शमा

---

तेतवान, ७ एप्रिल

शमा! शमा! शमा!

तुझं पत्र आज आलं, सराव काल झाला, आणि खुर्ची माझीच! आता सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मीच फुटेन.

तीन तारखेला तुला पत्र टाकून घरी आले आणि म्हटलं, पुन्हा एकदा घालून बघू, कदाचित रडून रडून बारीक झाले असेन. घातला, चेन कशीबशी अर्ध्यापर्यंत ओढली, आणि ती अडकली. वर जाईना, खाली येईना. तसाच डोक्यावरून काढायला गेले तर हात डोक्यावर, तोंड कापडात. अशी मी खोलीत गोल गोल फिरतेय आणि शेवटी ओरडले, "आई!"

ती आली. कणकेचे हात तसेच. मी कापडाच्या आतून सगळं कबूल केलं, हमाम, फतोमा, खोटं, सगळं. मला वाटलं, आता झग्याचं आणि उशीचं काढणार. तिने हात धुतले, चेन सोडवली, अंगरखा पुन्हा खाली ओढला, मला आरशाकडे फिरवलं. अंगरखा पाठीवर उघडाच होता, पण पुढून, खांद्यापासून खाली, कसा उतरला होता सांगू! जिथे मी आहे तिथे तो होता. आईने आरशात बघितलं. मग म्हणाली, "ही शमा बेतते बरं." आणि त्याच श्वासात, "पण मूर्ख आहे."

मग तिने पेटीतून तिच्या लग्नाचा कफ्तान काढला. तो जरीचा, आपल्याला हात लावू द्यायची नाही तो! मला वाटलं, आता जरीची पट्टी लावणार. तर तिने तो उलटा केला. आत अस्तर आहे, डाळिंबी रंगाचं, साधं, एक टाका नक्षी नाही. सरळ कात्री लावली, शमा! मी "आई, नको," म्हणेपर्यंत दोन लांब तुकडे हातात. तुझा अंगरखा दोन्ही बाजूंनी काखेपासून खाली उसवला आणि मध्ये एकेक डाळिंबी कळी घातली, काखेत रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली. हाताने शिवली. म्हणे, मशीनचा टाका रेशमाला चावतो.

हात खाली असले की काहीच दिसत नाही, नुसता काळपट हिरवा. हात उचलला की काखेखाली डाळिंबाची एक रेघ उघडते. आणि हात फिरतो! बैल जुंपल्यासारखा ओढावा लागत नाही, आपोआप फिरतो. मी ऊद घेऊन बसले तर तो असा जवळ आला, जसा आजवर कधी आलाच नव्हता. मध्ये काही नव्हतंच ना!

काल रेडिओच्या माणसाने कानाला यंत्र लावलं. मी वाजवलं. संपल्यावर त्याने यंत्र काढलं. लल्ला सादियांनी विचारलं, "ऐकू आलं काही?" तो म्हणाला, "ऊद." बस्, एवढंच! बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, आणि विचारलं, "शिंपी कोण?" मी म्हटलं, "आम्ही तिघी." मुफद्दल माझी खुर्ची स्वतः उचलून पुढे ठेवून आला आणि म्हणाला, "आता कशाची खोडी काढू? बटणंसुद्धा ठेवली नाहीस."

बावीस तारखेला जलसा. तू येतेयस. नाही म्हणालीस तर तुझी मापं आईला घ्यायला लावीन.

तुझी बतूल

ता. क. सोनेरी दोरीच्या कपाटाची चावी मी आईला परत केली. तिने त्या दोरीने लोणच्याच्या बरणीचं तोंड बांधलं.

---

तेतवान, २६ एप्रिल

चिरंजीव शमास,

तुझ्या मावशीचे अनेक आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. शाळा सुटली तेव्हापासून लेखणीशी माझं जमलं नाही. बतूलला सांगून लिहून घेतलं असतं, पण तिला कळायला नको आहे.

जलशाला आलीस, बरं झालं. तू दुसऱ्याच दिवशी पळालीस, बोलायचं राहून गेलं. तू शेजारी बसून रडत होतीस, मी पाहिलं. मी रडले नाही. मी तिच्या हाताकडे बघत होते. हात उचलला की माझ्या अस्तराची रेघ दिसायची. लग्नात तो कफ्तान मी घातला तेव्हा अस्तर कुणी पाहिलं नव्हतं, आणि मलाही कुणी पाहिलं नव्हतं. वर इतकी जर होती.

तू चार बोटांवरून माझी थट्टा केलीस, ते पत्र बतूलने मला वाचून दाखवलं. मी हसले. पण ती चार बोटं तुम्हा मुलींसाठी नव्हती गं. मी बारा वर्षांची असताना अंगाने भरले, आणि आईने मला सांगितलं, खांदे पुढे घेऊन चाल. तेव्हापासून मी तशीच चालते. माझ्या अंगाला मी कधी टेप लावू दिला नाही. अय्याशीला कायम जुना कपडा पाठवला, आणि तो जुना कपडासुद्धा कुणाच्या तरी मापाचा होता, माझ्या नाही. मला वाटायचं, सगळ्या बायकांना अशीच जागा लागते. जलशात बतूल त्या खुर्चीवर ताठ बसली तेव्हा मला समजलं की लागत नाही.

काल हमाममध्ये गेले. फतोमाला म्हटलं, मोज. ती हसली, म्हणाली, रहिमो, इतक्या वर्षांनी? मी म्हटलं, गप्प बस आणि मोज.

सुतळ्या सोबत आहेत. बतूलसारखाच बेत, समोर काही नको. रंग तू ठरव, फक्त काळा नको, काळा मी पुष्कळ घातला. माया मात्र सोड, मूर्ख मुली, दोन बोटं तरी, शिवणीच्या आत.

बाकी मापातून काही वजा करू नकोस. या वेळी मी काही जास्त धरलेलं नाही.

तुझी मावशी
रहिमो